मूठ जमताना

नेमबाजीत सबबींना तोटा नसतो. उजेड डोळ्यावर येत होता, वारा सुटला होता, शेजारच्याच्या पुंगळ्या अंगावर उडत होत्या, गोळ्यांचा हा लॉट बरा नाही, ट्रिगर आज जड लागतोय. रेंजवर संध्याकाळी चहाच्या वेळी कान दिला, तर या सगळ्या सबबी एकामागून एक ऐकू येतात. त्यातल्या कित्येक खऱ्या असतात आणि घोळ तिथेच होतो. पिस्तुलात एक खरा दोष असला, की त्याच्या आडोशाला नेमबाजाच्या दहा चुका सुखाने नांदतात. मी पुण्यात वर्षानुवर्षं पिस्तूल नेमबाजी करत आले आणि आता नव्या मुलामुलींना शिकवते. सुट्ट्या लागल्या की आईवडील येतात आणि विचारतात, ‘मॅडम, हिचं एअर पिस्तूल चांगलं चाललंय. आता पॉइंट टू-टू घ्यायचंय. कुठलं घेऊ?’ त्यांना एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. मी सांगते, जे पिस्तूल हिच्याकडे एकही सबब शिल्लक ठेवणार नाही, ते घ्या. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुन्हा विचारतात, ‘हो, पण कुठलं?’ त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे लिहायला बसले आहे.

आधी खेळ समजून घ्यायला हवा. एअर पिस्तुलात दहा मीटरवर एकेक छर्रा हाताने भरून मारायचा असतो. पंचवीस मीटरचं पॉइंट टू-टू पिस्तूल अर्धस्वयंचलित असतं. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरायच्या. पहिली सुटली की तिच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येता येता नवी गोळी चेंबरमध्ये ढकलतो. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावा लागतो. महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला १९८४ साली, लॉस एंजेलिसला. त्यात साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस निवांत, पाच-पाच गोळ्यांना पाच-पाच मिनिटं. पुढच्या तीस झटपट: हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी मारायची, मग सात सेकंद लाल दिवा, पुन्हा हिरवा. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यं शेजारी शेजारी असतात आणि पाच गोळ्यांना आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंद मिळतात. पिस्तूल यांपैकी कशासाठी हवंय, हे ठाऊक नसेल तर दुकानात पाऊलही ठेवू नये. तीन सेकंदांत एकच गोळी मारायची असेल, तर हात वर आल्याक्षणी साइट जागेवर आलेली हवी. चार सेकंदांत पाच मारायच्या असतील, तर दर धक्क्यानंतर पिस्तूल आपणहून खाली बसायला हवं.

स्पर्धेआधी शस्त्रतपासणी होते. टेबलावर एक पेटी असते. आतून ३०० मिलिमीटर लांब, १५० उंच आणि ५० रुंद. पिस्तूल तिच्यात मावलं पाहिजे. रिकाम्या मॅगझिनसकट वजन १४०० ग्रॅमच्या वर नको, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग नळीचं तोंड वर करून पिस्तूल उभं धरतात आणि चापाला १००० ग्रॅमचं वजन लावून उचलतात. वजन टेबलावरून सुटून वर आलं तरी चाप सुटता कामा नये. पहिल्यांदा स्पर्धेला आलेली मुलं या टेबलापाशी घाबरून उभी असतात. मला त्या टेबलाविषयी मनापासून आदर वाटतो. नेमबाज कितीही श्रीमंत असो, त्याला लांब नळी विकत घेता येत नाही आणि हलका चापही घेता येत नाही.

हे नियम अनुभवातून आले आहेत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमाराला सोव्हिएत नेमबाजांनी उलट्या रचनेचं एक पिस्तूल आणलं होतं. त्याची नळी इतकी खाली होती, की गोळीचा धक्का सरळ हातात मागे यायचा आणि पिस्तूल उसळायचंच नाही. रॅपिड फायरमध्ये याचा केवढा फायदा होतो, हे कुणाला सांगावं लागलं नाही. पुढे नियम बदलले आणि ते पिस्तूल बाद झालं. यंत्रात कौशल्य घालायला या खेळाने कधी मनाई केली नाही. यंत्रच माणसाचं काम करू लागलं, तेव्हा मात्र त्याने हात आडवा घातला.

त्या २२० मिलिमीटरांचा हिशोब मी प्रत्येक नव्या मुलाकडून कागदावर करून घेते. पुढच्या साइटचं काळं टोक मागच्या खाचेच्या मध्यावरून एक मिलिमीटर सरकलं, तर पंचवीस मीटरवर गोळी अकरा सेंटिमीटरहून जास्त सरकते. निवांत फेरीतल्या लक्ष्याचा दहाचा गोल पाच सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि बाहेरचं एकेक वलय अडीच सेंटिमीटर रुंद. म्हणजे एक मिलिमीटरच्या चुकीला दहाऐवजी सहा. तेच, दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या ठेवून सगळा हातच एक मिलिमीटर डावीकडे गेला, तर गोळीही एकच मिलिमीटर डावीकडे जाते. हात थोडा डुलणारच, जिवंत माणसाचा हात आहे. साइट मात्र एकमेकींपासून तसूभरही हलता कामा नयेत. साइट हलवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, मूठ आणि चाप. पिस्तूल निवडायचं म्हणजे मुख्यतः या दोन गोष्टी निवडायच्या.

आपल्याकडच्या रेंजवर नावं ऐकू येतात ती इटलीच्या पार्दिनीची, जर्मनीच्या वाल्थरची, स्वित्झर्लंडच्या मोरिनीची. जुन्या लोकांच्या तोंडी हॅमर्लीचं नाव असतं आणि ते घेताना त्यांचा आवाज बदलतो. यातलं कुठलंही पिस्तूल पक्कं बसवून चांगल्या गोळ्यांनी चालवलं, तर गोळ्या दहाच्या गोलात एका जागी पडतात. अचूकपणात डावंउजवं करण्यासारखं फारसं नाही. फरक असतो तो रचनेत. हॅमर्लीच्या २०८ मध्ये मॅगझिन मुठीच्या आत जातं. वाल्थरने साठच्या दशकाच्या अखेरीस जीएसपी काढलं, त्यात मॅगझिन चापाच्या पुढे गेलं; पार्दिनीच्या एसपीमध्येही ते पुढेच असतं. मॅगझिन पुढे गेलं की वजन पुढे झुकतं, नळीचं टोक शांत राहतं आणि मूठ मोकळी होते. मोकळी म्हणजे तिच्यात काही दडवायचं नसल्यामुळे ती हाताला हवी तशी कोरता येते. कुणाला पुढे जड पिस्तूल मानवतं, कुणाला मध्यावर तोललेलं. हे कागदावरून ठरत नाही. हातात घेऊन, उचलून, खाली ठेवून, पुन्हा उचलूनच ठरतं.

उचलून पाहायची एक जुनी रीत आहे. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करायची, रेंजवरच उभं राहायचं, तोंड लक्ष्याकडे. मूठ धरायची, डोळे मिटायचे आणि नेहमीच्या सवयीने हात वर आणायचा. मग डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, वरच्या कडा एका रेषेत दिसल्या, तर मूठ तुमची आहे. ती डावीकडे किंवा वर दिसली, तर मूठ दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि दर वेळी मनगट वळवून तुम्ही तिची मर्जी सांभाळणार आहात. निवांत फेरीत मनगट वळवायला वेळ असतो. तीन सेकंदांत नसतो.

कारखान्यातून मुठी लहान, मध्यम आणि मोठी अशा मापांत येतात. त्यांपैकी एकाही मापात नेमका बसेल असा हात मी अजून पाहिलेला नाही. कॉलेजात जाणारी एक मुलगी माझ्याकडे येते. तिची बोटं लांब आणि तळवा अरुंद. मध्यम मूठ धरली की अंगठ्याच्या खाली पोकळी राहायची. ती पोकळी भरून काढायला ती नकळत मूठ आवळायची आणि चाप ओढताना सगळाच हात आवळला जायचा. गोळ्या खाली डावीकडे. ‘ताई, ट्रिगर झटकला जातोय,’ ती म्हणायची आणि घरी तासन्‌तास ट्रिगरचा सराव करायची. आम्ही तिच्या तळव्याला पावडर लावली आणि तिला मूठ धरायला सांगितली. अक्रोडाच्या लाकडावर पांढरे ठसे उठले: बोटांच्या मुळाशी दाट, अंगठ्याखाली काहीच नाही. जिथे दाट तिथे कानस फिरवली, मग पॉलिश पेपर. जिथे काहीच नव्हतं तिथे पुट्टी भरली, वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि ती ओली असतानाच तिला मूठ धरायला लावली, म्हणजे तिच्याच तळव्याचा साचा उठला. वाळल्यावर पुन्हा पावडर, पुन्हा कानस. असं थोडं थोडं कितीतरी दिवस चाललं. शेवटी एका दुपारी तिने डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले आणि काही न बोलता तशीच उभी राहिली. मी विचारलं, ‘काय गं?’ म्हणाली, ‘ताई, आता मला काहीच करावं लागत नाहीये.’

नवी कोल्हापुरी चप्पल काही दिवस चावते आणि मग पायाची होते, तशी ही मूठही आपोआप हाताची होईल, असं पुष्कळांना वाटतं. चामडं नमतं. अक्रोडाचं लाकूड नमत नाही, हातच त्याच्यासारखा वाकडा व्हायला शिकतो आणि ते शिकलेलं विसरायला वर्षं जातात. म्हणून कानस फिरवायला भिऊ नये. एवढ्या महागाच्या वस्तूवर कानस फिरवताना वडिलांच्या जिवाचं पाणी होतं, ते मी समजू शकते. पण न कोरलेली मूठ ही अर्धीच विकत घेतलेली वस्तू आहे. एक मर्यादा तेवढी पाळायची: मनगटाला आधार मिळेल असा कुठलाही भाग नियमाला चालत नाही. मनगटाने आपला भार आपणच उचलायचा.

हाताला एवढं कळतं का, असं कुणी विचारलं तर मी मिखाईल मार्गोलिनचं नाव सांगते. तरुणपणी लढाईत जखमी होऊन या सोव्हिएत माणसाची दृष्टी गेली. त्यानंतर तो शस्त्ररचनाकार झाला आणि त्याने पॉइंट टू-टूचं नेमबाजीचं पिस्तूल घडवलं. ते त्याच्याच नावाने जगभर ओळखलं गेलं आणि त्यावर कित्येक देशांतले नेमबाज वाढले. ज्या खेळाला सगळे डोळ्यांचा खेळ म्हणतात, त्याचं एक नावाजलेलं अवजार एका अंध माणसाने स्पर्शाने जोखून घडवलं. मला ही गोष्ट थोर वाटते. डोळा शेवटी येतो आणि झालंय ते ठीक झालंय एवढंच सांगतो. करायचं ते हाताने आधीच केलेलं असतं.

आता चाप. पिस्तूल साधारण किलोभर किंवा थोडं जास्त वजनाचं आणि चापावर बोटाने द्यायचा जोर हजार ग्रॅम. म्हणजे जेवढं वजन लांब केलेल्या एका हाताने तोलून धरायचं, जवळपास तेवढाच जोर त्याच हाताच्या एका बोटाने द्यायचा आणि तोल हलू द्यायचा नाही. यासाठी चापाचे दोन टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात बहुतेक जोर घेऊन टाकायचा, मग एक थांबा लागतो, आणि पुढचा उरलेला थोडा जोर सरळ मागे, गुळगुळीत. तो थांबा कुठे यावा, पुढे किती उरावं, चापाचं पातं किती पुढेमागे असावं, हे सगळं बारीक स्क्रूंनी बदलता येतं. चांगल्या पिस्तुलाचा चाप हलका असतो असं नवख्यांना वाटतं. हजार ग्रॅम सगळ्यांना सारखेच आहेत. चांगला चाप दर वेळी तोच असतो: काल जिथे सुटला तिथेच आज सुटतो, उन्हाळ्यात सुटला तिथेच पावसाळ्यात. असा चाप मिळाला, की ‘ट्रिगर जड लागतोय’ या वाक्याचा अर्थ बदलतो. मग मी मुलांना विचारू शकते, आज झोप झाली होती का? जेवलीस का? मनात काय चाललंय?

पिस्तुलासोबत गोळीही निवडावी लागते, हे बरेच जण विसरतात. अर्धस्वयंचलित पिस्तूल गोळीच्या धक्क्यावर चालतं. गोळी कमजोर असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. जास्त जोराची असेल तर धक्का वाढतो आणि यंत्राची झीज होते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, की ते पुढे सरकत नाही. जास्त जोर नको म्हणून स्पर्धेच्या गोळ्या आवाजाच्या वेगाच्या थोड्या आतल्या, सौम्य असतात आणि एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही एक पिस्तूल एकाला मान देतं, दुसऱ्याला देत नाही. घेण्याआधी विचारायचं ते हे: आपल्या गावात, आपल्या क्लबला ज्या गोळ्या मिळतात, त्या या पिस्तुलाला पचतात का? मॅगझिन जास्तीचं मिळतं का? फायरिंग पिन मोडली तर ती कुठून येणार, आणि किती दिवसांत?

पिस्तूल अडकलं तर काय करायचं, याचं नियमपुस्तकातलं प्रकरण मुलांकडून मी सगळ्यात आधी वाचून घेते. नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा. पंच येतो, पिस्तूल तपासतो आणि दोष कुणाचा ते ठरवतो. काडतूस पेटलंच नाही, पुंगळी अडकली, यंत्राचा भाग मोडला, तर ती मान्य अडचण. त्यावर नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळते. सेफ्टी काढायची राहिली, मॅगझिन भरलंच नव्हतं, आधीच्या गोळीनंतर बोट पुरतं सैल न सोडल्याने चाप पुढे आला नाही, तर ती अडचण मान्य होत नाही आणि न सुटलेल्या गोळीला शून्य मिळतं. यंत्राचं यंत्राच्या माथी, माणसाचं माणसाच्या. इतकी स्वच्छ वाटणी आयुष्यात इतरत्र क्वचित पाहायला मिळते. पिस्तूल भरवशाचं निवडायचं ते यासाठी, की आपल्या खात्यावर जे येईल ते निखळ आपलं असावं.

यंत्राने खरोखरच दगा दिला तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला, दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत, मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत सुमारे वीस मिनिटं गेली. ती ५७५ गुणांवर थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्या हातात खरी, सगळ्या जगाने पाहिलेली सबब होती. पण तिला सबबीवर थांबायचं नव्हतं. २०२४ मध्ये पॅरिसला तिने वैयक्तिक एअर पिस्तुलात आणि सरबज्योत सिंगसोबत मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदकं मिळवली, आणि आपल्या या पंचवीस मीटरमध्ये शूट-ऑफपर्यंत जाऊन चौथी आली. मुलांना मी टोकियो आणि पॅरिस या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगते. यंत्राचं बळ तपासून घ्यावं, जास्तीचं पिस्तूल जवळ ठेवावं, बॅटरी बदलावी. आणि तरीही काही घडलं, तर त्या घटनेला आपल्या खेळाचं नाव देऊ नये.

हंगेरीचा कारोय टाकाच याहून पुढचा. सैन्यात असताना १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला, ज्या हाताने तो पिस्तूल चालवत होता तोच. त्याने गाजावाजा न करता डाव्या हाताने सुरुवात केली. १९४८ मध्ये लंडनला रॅपिड फायरचं सुवर्ण ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह जिंकलं आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा जिंकलं. या गोष्टीतली जिद्द सगळे सांगतात. मला तिच्यातलं लाकूडही दिसतं. उजव्या हातासाठी कोरलेली मूठ डाव्या हातात धरताच येत नाही. अंगठ्याचा टेकू चुकीच्या बाजूला येतो, तळव्याची उंची उलटी पडते. नव्या हातासाठी नवी मूठ, नवा तोल, नवी सवय, सगळं मुळापासून. ज्याचा नवा हात पिस्तूलसुद्धा नवं मागत होता, त्याने कुरकुर केल्याची नोंद कुठे नाही. नोंद आहे ती दोन सुवर्णपदकांची.

इथे पैशांचं बोलायला हवं, कारण आईवडिलांच्या मनात तेच असतं आणि ते विचारायला संकोचतात. ही पिस्तुलं परदेशी आहेत आणि किंमत लाखांच्या घरात जाते. त्याच्याआधी १९५९च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना, त्यासाठी पोलिसांकडची पडताळणी, संघटनेचं शिफारसपत्र. आपल्या देशात हा खेळ कुणी उभा केला ते मी मुलांना आवर्जून सांगते: लोकसभेचे पहिले अध्यक्ष, मूळचे रत्नागिरीकडच्या घराण्यातले दादासाहेब मावळंकर यांनी १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया सुरू केली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर आहे. ‘तुझी मावळंकर झाली का?’ हा प्रश्न रेंजवर दहावीच्या निकालासारखा विचारला जातो. ती मावळंकर आमच्यातली कित्येक मुलं क्लबच्या पिस्तुलावर पार करतात. एकच पिस्तूल, सकाळपासून त्यावर अनेक हात, आणि मूठ कुणाचीच नाही. त्यांना मी एक स्वस्त उपाय सांगते. या पिस्तुलांच्या मुठी स्क्रूवर बसतात. एक मूठ स्वतःची घ्या, कोरून घ्या आणि सरावाला येताना पिशवीत आणा. पिस्तूल क्लबचं, मूठ आपली. निम्मी निवड तेवढ्यात होते. पण घरात पैसा नाही, परवाना अडलाय, गोळ्या संपल्यात, ही सबब नव्हे. ही अडचण आहे आणि ती खेळाडूची नाही, आपली सगळ्यांची आहे. चांगली सार्वजनिक रेंज, चांगली क्लबची पिस्तुलं आणि पुरेशा गोळ्या ज्या जिल्ह्यात असतील, तिथल्याच मुलांना ‘चूक तुझी’ असं म्हणायचा आपल्याला अधिकार पोचतो.

कोल्हापूरने हे करून दाखवलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेती झाली. तिच्या वाटेने निघालेली राही सरनोबत पिस्तुलात आली. २०१८च्या आशियाई स्पर्धेत, पालेम्बांगला, पंचवीस मीटरच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफसवान यांगपाईबून दोघी ३४ वर अडकल्या. शूट-ऑफ झाला, ४-४. दुसरा झाला, ३-२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी राही पहिली भारतीय महिला ठरली. ती फेरी मी पुनःपुन्हा पाहिली आहे. दोघींची पिस्तुलं एकाच पेटीतून गेलेली, दोघींच्या चापांना तेच हजार ग्रॅम, दोघींना तेच तीन सेकंद. हिरवा दिवा लागतो, हात वर येतो, आणि त्या वेळी कुठल्याच वस्तूचा कुणाला उपयोग नसतो. वस्तूंचं काम तिथवर आणून सोडायचं, ते त्यांनी केलेलं असतं.

एक आई मला म्हणाली होती, ‘काही झालं तरी शस्त्रच ना ते?’ हो, शस्त्रच. पॉइंट टू-टूची गोळी माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून रेंजवर नळीचं तोंड कुठे आहे यावर मी कुणालाही, कधीही सूट देत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला पिस्तुलं स्वच्छ पुसून, तेल देऊन पूजेला मांडतात आणि मुलं झेंडूचं फूल वाहतात, तेव्हा ती पूजा मला शोभेची वाटत नाही. आपल्या हाती काय आहे, याचं भान वर्षातून एकदा सगळ्यांसमोर देणं मला गरजेचं वाटतं. पण त्याच मांडणीत जरा निरखून पाहिलं तर दिसतं, की ही मूठ एकाच माणसाच्या तळव्यापुरती कोरलेली आहे. दुसऱ्याच्या हातात ती टोचते. ती खिशात मावत नाही, कमरेला अडकत नाही. नळीला वजनं जोडलेली, गोळ्या मुद्दाम सौम्य केलेल्या. शस्त्राला भीतिदायक बनवणारं एकेक काढून टाकत, त्याला कागदावरच्या एका गोलापुरतं करत आणलेलं आहे. शंभराहून अधिक वर्षं माणसांनी हे काम चिकाटीने केलं. मुलीच्या हाती मी देते ते हे.

तेव्हा, कुठलं घेऊ? एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी बालेवाडीच्या रेंजवर जा आणि ओळखीच्यांची पिस्तुलं त्यांच्या परवानगीने, त्यांच्या देखरेखीखाली हातात घेऊन पाहा. डोळे मिटून उचला. तिला मानवेल तो तोल निवडा, जगज्जेत्याला मानवला तो नको. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळेल असं घ्या. मूठ बदलता येईल असं घ्या, कारण मुलीचा हात अजून वाढायचा आहे. आणि पुढे कधी खांदा दुखेल, मनगट बदलेल, तेव्हा पुन्हा कानस हातात घ्यावी लागेल. ही निवड एकदा करून संपत नाही. आणि पिस्तूल घरी आलं, की पहिले काही महिने तिला गुण विचारू नका. तिची मूठ जमू द्या. नंतर ती स्वतःच येऊन सांगेल, कुठल्या गोळीला काय चुकलं. आणि ते सांगताना पिस्तुलाचं नाव घेणार नाही.